पाण्यात उतरलेलं कापड

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्ननचं घर आजही जपून ठेवलेलं आहे. तिथल्या संग्रहात निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा, लिननचा एक सैल झगा आहे. १७६० च्या दशकाच्या अखेरचा. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था झऱ्याच्या पाण्यात उतरताना तो घालत. अंगात घालायला सोपा, फारशी शिवण नसलेला, पहिल्या नजरेत अगदी साधा. पण त्याच्या खालच्या घेरापाशी बारकाईने पाहिलं की कापडात गुंडाळून टाचलेले शिशाचे तुकडे दिसतात. पाण्यात शिरताच झग्यात हवा अडकते, घेर फुगून वर येतो आणि पाय उघडे पडतात. तसं होऊ नये म्हणून हे शिसं.

पाण्यात जायचं आणि तेही शिसं बांधून! हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. अर्थात त्या झग्यात कुणी पोहत नसे. पाण्यात बसायचं, डुंबायचं, बाहेर यायचं, एवढंच काम होतं. पण त्या शिशाच्या तुकड्यांत पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न दडलेला आहे. बाईच्या पोहण्याच्या पोशाखाचा इतिहास बहुतेकदा लाजेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी पोटरी दिसली, मग गुडघा, मग मांडी, मग पोट. मला त्यातली कापडाची गोष्ट फार मोठी वाटते. आपले बाकी सगळे कपडे कोरडे असताना कसे दिसतील याचा विचार करून बेततात. हा एकच कपडा असा, की जो भिजल्यावर नीट वागला पाहिजे, आणि भिजलेलं कापड मुळीच नीट वागत नाही. ते जड होतं, अंगाला चिकटतं, आरपार दिसू लागतं, ओघळतं. विणकर, शिंपी, रसायनशास्त्रज्ञ आणि हट्टाने पोहणाऱ्या बायका या सगळ्यांना मिळून त्यावर उपाय काढायला दीडशे-दोनशे वर्षं लागली.

आरपार दिसण्याचंच घ्या. कोरडं पांढरं कापड पांढरं का दिसतं? त्याच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते. उजेड तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दरवेळी वळतो, विखुरतो आणि बराचसा आपल्याकडे परत येतो. कापड भिजलं की हवेची जागा पाणी घेतं. उजेड वळवण्याच्या गुणात पाणी आणि तंतू यांच्यात फार फरक नसतो, म्हणून उजेड फारसा न अडखळता पार जातो आणि पलीकडचं अंग दिसू लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या शिंपिणींना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण अनुभवाने त्यांनी अचूक उत्तर शोधलं होतं: गडद रंगाची, जाड लोकर. निळ्या किंवा काळ्या फ्लॅनेलचा नाहीतर सर्जचा झगा, खाली गुडघ्याच्याही खाली जाणारी विजार, काळे मोजे, पायात कापडी बूट. लोकर भिजली तरी सुती कापडासारखी अंगाला लपेटत नाही आणि ओल्या अंगाला थोडी ऊबही देते. इंग्लंडच्या थंडगार समुद्रात ती ऊब लहानसहान गोष्ट नव्हती.

एवढं घालूनही बाईने किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं नाही, अशी रीत होती. त्यासाठी चाकांवरची लाकडी खोली असे. बाईने त्यात कपडे बदलायचे, घोड्याने ती खोली पाण्यात ओढत न्यायची, आणि समुद्राकडच्या दारातून बाईने थेट लाटांत उतरायचं. खाली धरायला एक दणकट बाई उभी असे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर हे काम करणारी मार्था गन इतकी नावाजलेली होती की तिची चित्रं काढली गेली. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर दोर बांधलेले असत. ते धरून बायका लाटेबरोबर उड्या मारत. हात-पाय मारण्याची सोयच त्या पोशाखात नव्हती.

पोहता न येण्याची किंमत काय असू शकते हे १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कने पाहिलं. ‘जनरल स्लोकम’ नावाच्या बोटीतून एका चर्चची सहल निघाली होती. प्रवासी मुख्यतः बायका आणि मुलं. ईस्ट नदीत बोटीला आग लागली आणि हजारावर माणसं गेली. जीवरक्षक पट्टे कुजलेले होते, बोटीवरची व्यवस्था कोलमडलेली होती. किनारा जवळ होता, पण त्या काळच्या बहुतेक बायकांना पोहता येत नव्हतं, आणि अंगावरचे थरांवर थर असलेले जड कपडे पाणी पिऊन त्यांना खाली ओढत होते. स्त्रियांनी पोहायला शिकलं पाहिजे, हे म्हणणं त्यानंतर जोर धरू लागलं. स्विमसूटच्या इतिहासात मासिकांच्या रंगीत पानांआधी ही बोट आठवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातून एक तरुणी युरोपात आली. तिचं नाव ॲनेट केलरमन. लहानपणी तिच्या पायांत दोष होता, पायांना लोखंडी आधार बांधावे लागत. पाय बळकट व्हावेत म्हणून तिला पोहायला घातलं, आणि ती पाण्याचीच झाली. १९०५ मध्ये तिने इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रयत्न केला. ती पार झाली नाही, पण नाव झालं. पुरुष पोहणारे जो एकसंध, अंगाबरोबरचा पोशाख घालत तोच ती घालू लागली. लंडनमध्ये राजघराण्यातल्या मंडळींसमोर पोहायचं होतं तेव्हा उघडे पाय चालणार नाहीत असं कळलं. तिने त्या पोशाखाला काळे लांब मोजे शिवून टाकले. पाय झाकले गेले, आणि पाण्यात फडफडणारं काहीच उरलं नाही. आज आपण ज्याला वन-पीस म्हणतो त्याचं मूळ या जोडकामात आहे. १९०७ मध्ये बॉस्टनजवळच्या रिव्हियर किनाऱ्यावर या पोशाखासाठी आपल्याला अटक झाली, अशी हकीकत ती पुढे आयुष्यभर सांगत असे.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा पोहण्याच्या शर्यतीत उतरल्या. १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने जिंकलं, रौप्य तिच्याच मैत्रिणीने, मिना वायलीने. अमेरिकेने एकही स्त्री पोहायला पाठवली नव्हती. पुढे अमेरिकेच्याच एथेल्डा ब्लीबट्रीला न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर १९१९ मध्ये पोलिसांनी पकडलं, कारण तिने पोहण्याआधी मोजे काढले होते. पुढच्याच वर्षी तिने अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवली. १९२२ चं वॉशिंग्टन शहरातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात किनाऱ्यावरचा रखवालदार गुडघे टेकून एका तरुणीच्या पोशाखाची कड आणि तिचा गुडघा यांमधलं अंतर टेपने मोजतो आहे. नियम सहा इंचांचा होता.

टेपने मोजता येईल असा हा बदल सर्वांना दिसत होता. त्याहून मोठा बदल मात्र अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड गावी, विणकामाच्या यंत्रावर झाला होता. तिथे १९१० मध्ये कार्ल यान्त्झन आणि झेंटबाउअर बंधू यांनी स्वेटर, मोजे विणण्याचा छोटा कारखाना काढला. तीनेक वर्षांनी वल्हवणाऱ्यांच्या क्लबातला एक जण त्यांच्याकडे आला. स्वेटरच्या बाहीला मनगटाशी जी घट्ट पट्टी असते, त्याच विणीची चड्डी करून द्याल का, असं त्याने विचारलं. नदीवरच्या गारठ्यात अंगाला बसेल असं काहीतरी त्याला हवं होतं.

ती वीण म्हणजे आपल्याकडे स्वेटर विणणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली, एक सुलट एक उलट टाक्यांची. सुलट टाके पुढे येतात, उलट टाके मागे सरतात आणि कापडाला उभ्या घड्या पडतात. आडवं ताणलं की त्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात, सोडलं की मिटतात. मूळ धागा लोकरीचा, त्यात रबराचा अंश नाही. लवचीकपणा आहे तो फक्त टाक्यांच्या मांडणीत. मला या सबंध इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते. कोणतंही नवं द्रव्य न आणता, निव्वळ धाग्याच्या वळणांतून कापड अंगाला धरून राहायला शिकलं. यान्त्झनचा पोहण्याचा पोशाख याच विणीचा होता. लाल पोशाखात सूर मारणारी त्यांची मुलगी १९२० च्या दशकात इतकी लोकप्रिय झाली की लोक तिचं चित्र मोटारीच्या काचेवर चिकटवत.

पण लोकरीला एक मर्यादा होती आणि ती विणीने सुटणारी नव्हती. लोकरीच्या तंतूचा बाहेरचा थर पाणी झटकतो, आतला भाग मात्र ते पितो, आणि टाक्यांच्या पोकळ्यांतही भरपूर पाणी साठतं. ओली लोकर कोरडीपेक्षा नरम आणि कमजोर होते, सहज लांबते. पोहून बाहेर पडलेल्या बाईच्या अंगावर काही किलो पाणी लटकत असे. त्या ओझ्याने खांद्यांच्या पट्ट्या लोंबत, बसणीचा भाग खाली येई. १९२० च्या दशकातल्या छायाचित्रांत कंबरेला आवळलेले पट्टे दिसतात. ते शोभेचे असतीलही, पण ओघळणारं कापड सावरायला त्यांचा उपयोग होता यात मला शंका नाही.

अमेरिकेची पोहणारी गर्ट्रूड एडर्ली हिने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. १९२५ मध्ये इंग्लिश खाडीचा तिचा पहिला प्रयत्न फसला. एकसंध पोशाख अंगाला घासत होता, त्यात पाणी भरत होतं. पुढच्या वर्षी तिने आणि तिच्या बहिणीने मिळून रेशमाचा दोन तुकड्यांचा हलका पोशाख बेतला. डोळ्यांवरच्या चष्म्याच्या कडा मेणाने बंद केल्या. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ती साडेचौदा तासांच्या आसपास खाडी पार करून गेली. तिच्याआधी पाच पुरुष पार झाले होते. त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान माणसापेक्षा तिने जवळजवळ दोन तास कमी घेतले. म्हणजे दोन तुकड्यांचा पोशाख खाडीच्या थंड, खवळलेल्या पाण्यात आधी आला, आणि फॅशनच्या मासिकांत त्यानंतर. दोन वर्षांनी सिडनीच्या एका मोजे-बनियन विणणाऱ्या कारखान्याने पाठीवर पट्ट्या एकत्र आणणारा पोशाख काढला. खांद्याची पाती मोकळी राहिली, हात पुरते फिरू लागले. तो स्पीडो. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसने तो घातला तेव्हा पाठ फार उघडी दिसते म्हणून तक्रार झाली. तक्रार फेटाळली गेली आणि तिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं.

१९३१ च्या सुमारास लास्टेक्स हा रबरी धागा आला. रबर त्याआधीही कपड्यांत होतं, पण ते रबराचे तक्ते कापून काढलेल्या जाड, चौकोनी, आखूड पट्ट्यांच्या रूपात. आता झाडाचा द्रवरूप चीक बारीक छिद्रातून सोडून हवा तेवढा लांब, गोल, बारीक धागा निघू लागला. या धाग्याभोवती सूत, रेशीम किंवा रेयॉन एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून गुंडाळायचं. बाहेरून रेशमासारखा दिसणारा, आतून रबराचा असा हा धागा मागावर इतर धाग्यांबरोबर विणता येई. रबराचे लांबलचक रेणू गुंतलेल्या अवस्थेत असतात, ताणले की सरळ होतात, आणि सोडले की त्यांच्याच सततच्या हालचालीमुळे पुन्हा गुंततात. ते पाणीही पीत नाहीत. स्विमसूटला चकाकी आली. साटिन, मखमल, छापील फुलं, सारं काही अंगाबरोबर बसू लागलं. उन्हाने रापलेली कातडी याच काळात युरोपातल्या श्रीमंतांच्या सुट्टीची खूण बनली होती, म्हणून पाठीचे गळे कंबरेपर्यंत उतरले.

आणि १९३८ मध्ये हा पोशाख मराठी पडद्यावर आला. मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’, लेखक आचार्य अत्रे. नायिका मीनाक्षी शिरोडकर, तिचा पहिलाच चित्रपट. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या नायकाचं मन वळवायला ती पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरते आणि गाते. त्या दृश्यावर टीकेची झोड उठली आणि चित्रपटगृहांवर गर्दीही लोटली. नदीच्या घाटावर लुगड्यातच स्नान करणाऱ्या बायका पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकासाठी हा धक्का किती मोठा असेल! लुगडं भिजलं तरी ते बाईचं रोजचंच वस्त्र. हा कपडा मुद्दाम पाण्यासाठी बनलेला होता, आणि तो घालणारी मुलगी आनंदात होती. मला तिचं धाडस अपार मोलाचं वाटतं. वीस वर्षांनी, १९५८ च्या ‘दिल्ली का ठग’मध्ये नूतन स्विमसूटमध्ये दिसली. त्याच दशकात मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पोहल्या होत्या. २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती इंग्लिश खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री ठरली.

दुसऱ्या महायुद्धात रबर सैन्याकडे गेलं, आणि अमेरिकी सरकारने कपड्यांत कापड वाचवण्याचे आदेश काढले. कॅलिफोर्नियातल्या कोल कंपनीच्या डिझायनर मार्गिट फेलेगी यांनी दोन्ही बाजूंना नाड्या असलेला स्विमसूट बेतला. लवचीक धागा नाही, तर घालणारीने स्वतः नाड्या ओढून तो अंगाबरोबर करायचा. टंचाईतून आलेली ही कल्पना मला नंतरच्या कितीतरी महागड्या डिझाइनांपेक्षा हुशार वाटते. मधला पोटाचा पट्टा कमी करून दोन तुकड्यांचे सूटही याच काळात रूढ झाले.

त्यामुळे ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसच्या मोलितोर तरणतलावावर लुई रेआर या माजी मोटार-इंजिनिअरने बिकिनी दाखवली तेव्हा दोन तुकडे ही काही नवलाई नव्हती. नवी होती बेंबी. नेहमीच्या मॉडेल तयार होईनात, म्हणून मिशेलिन बर्नार्दिनी या नर्तकीने ती घातली. कापडावर वर्तमानपत्राचे मथळे छापलेले होते. चारच दिवसांपूर्वी अमेरिकेने बिकिनी बेटांवर अणुचाचणी केली होती, नाव तिथलं. बिकिनीवर ढिगाने लिहिलं गेलं आहे, पण पाणी आणि कापड यांच्या झगड्यात तिने एकाही नव्या गोष्टीची भर घातली नाही. कापड जवळपास काढूनच टाकलं, एवढंच.

खरी कारागिरी पाहायची तर १९५० च्या दशकातला वन-पीस आतून उलटा करून पाहावा. बाहेरून नितळ साटिन, आणि आत एक अख्खी इमारत! छातीला आकार देणारे कप, बरगड्यांच्या बाजूने उभ्या पट्ट्या, पोट आत धरणारं दुहेरी अस्तर, मांडीपाशी कापड वर सरकू नये म्हणून इलॅस्टिक, पाठीला धातूची चेन, पुढे छोटा झालरीसारखा घेर. कॅनडात जन्मलेल्या रोझ मेरी रीड या बाईचा यात मोठा वाटा होता. तिने सुरुवातीला घरच्याच माणसासाठी बाजूंना नाड्या असलेली पोहण्याची चड्डी शिवली होती, आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये जगभर माल पाठवणारा कारखाना उभा केला. बायकांची अंगलट एकसारखी नसते, हे तिने मनावर घेतलं होतं, आणि वेगवेगळ्या बांध्यांसाठी वेगवेगळे कट ती काढत असे. असे सूट पाण्याबाहेर दिमाखदार दिसत. पाण्यात मात्र ते अंगाला मोकळं सोडत नसत. डिझायनर रूडी गर्नराइखने १९५२ मध्ये आतला सगळा सांगाडा काढून टाकला आणि विणलेल्या लोकरीचा साधा सूट केला. पोर्टलंडच्या विणीचीच वाट त्याने पुन्हा धरली.

पोहणाऱ्यांना ज्याची प्रतीक्षा होती ते १९५८ मध्ये सापडलं. डुपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स वर्षानुवर्षं रबराला पर्याय शोधत होते. त्यांना मिळालेल्या धाग्यात रेणूचे काही भाग मऊ आणि लांबणारे, तर काही ताठ आणि एकमेकांना घट्ट धरणारे. मऊ भाग ताणले जातात, ताठ भाग जागेवर राहतात आणि सगळ्यांना परत ओढतात. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी हा धागा पूर्वस्थितीला येतो. लायक्रा या नावाने तो बाजारात आला. नायलॉनबरोबर थोडासा विणला की कापड पातळ, हलकं, लवकर वाळणारं आणि अंगावरच्या दुसऱ्या कातडीसारखं होतं. आज गल्लीतल्या दुकानातल्या लेगिंग्जमध्येही तोच धागा असतो. त्याने शिसं, मोजे, पट्टे, नाड्या आणि सांगाडे सगळेच अनावश्यक केले.

मजा अशी, की कापडाची अडचण सुटल्यावर अंग पुन्हा झाकलं जाऊ लागलं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये घोट्यापर्यंत येणाऱ्या, शिवणीऐवजी चिकटवलेल्या सूटांनी इतके विक्रम मोडले की २०१० पासून ते शर्यतींतून बाद करावे लागले. किती अंग झाकायचं हे आता बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरचा रखवालदार ठरवत नाही. वेग हवा, उन्हापासून बचाव हवा की स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे वागायचं, हे पोहणारी ठरवते, आणि कापड त्या सगळ्याला पुरं पडतं.

जुन्या स्विमसूटांच्या संग्रहात एक गोष्ट उलटी घडते. जे सूट पाण्यात सर्वांत वाईट वागले, ते लोकरीचे, शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत. कसर लागली नाही तर वीण आजही ताणली जाते. लास्टेक्सचे मात्र मरत चालले आहेत. हवेतला प्राणवायू, ऊन, घाम आणि अंगाला चोळलेलं तेल यांनी रबराचे रेणू तुटतात. आधी धागा चिकट होतो, मग कडक, आणि एक दिवस त्याचा भुगा होतो. बाहेरचं रेशीम शाबूत दिसतं, पण आत धरणारं कुणी उरत नाही. म्हणून संग्रहालयं असे कपडे अंधारात, थंड जागी, घडी न घालता ठेवतात. कुणाच्या घरच्या ट्रंकेत १९४०-५० चा एखादा चमकदार स्विमसूट निघाला, तर तो अंगात घालून किंवा ताणून पाहू नये. आडवा पसरून ठेवावा आणि आतली बाजू पाहावी. शिवण, कप, पट्ट्या, चेन, कारखान्याची चिठ्ठी, सगळं तिथेच असतं.